मोटारीचा सांधा आणि त्याचा गंज : पत्र्याच्या कारागिरीचा एक उपेक्षित इतिहास

मोटारगाडीचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते, तो बहुधा इंजिनाचा इतिहास असतो. इंजिन कोणी शोधले, त्याची शक्ती किती वाढली, वेगाचे उच्चांक कोणी मोडले, याची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. परंतु जुनी मोटार ज्यांनी वर्षानुवर्षे बाळगली आहे, त्यांना विचारले असता ते निराळेच सांगतात. इंजिन उतरवता येते, घासून नवे करता येते, प्रसंगी बदलताही येते. गाडी मरते ती तिच्या पत्र्याने. आणि पत्राही एकदम मरत नाही. दोन पत्रे जेथे एकमेकांस मिळतात त्या सांध्यात त्याचे मरण प्रथम शिरते. म्हणून सांध्याचा इतिहास हा मोटारीच्या आयुष्याचाच इतिहास होय, असे आमचे मत आहे. या स्मरणिकेच्या वाचकांत लोखंड, तांबे, पत्रा यांवर चरितार्थ चालविणारी कुटुंबे आहेत आणि जुनी गाडी जिव्हाळ्याने सांभाळणारे गृहस्थही आहेत. उभयतांस उपयोगी पडावा या हेतूने हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

लाकडी सांगाडा आणि पत्र्याचे वस्त्र

आरंभीची मोटार ही घोड्यावाचूनची बग्गी होती, हे सर्वश्रुत आहे. तिचा वरचा भाग बांधणारे कारागीरही बग्गी बांधणारेच होते. आपल्या देशात मद्रासची सिम्प्सन कंपनी १८४० पासून गाड्या-बग्ग्या बांधीत असे आणि पुढे तिनेच मोटारींचे सांगाडे बांधण्यास घेतले. बांधणीची रीत अशी : खाली लोखंडी चासी, तिच्यावर चिवट लाकडाचा सांगाडा, आणि त्या सांगाड्यावर खिळ्यांनी व स्क्रूंनी बसविलेला ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा. गाडीचे ओझे चासी वाही. पत्रा हे केवळ वस्त्र होते.

तरीही सांध्याची व्यथा तेव्हाही चुकली नव्हती. रस्त्याच्या खाचखळग्यांत चासी पिळवटे, तिच्याबरोबर लाकूड पिळवटे, आणि पत्रा मात्र ताठ राहू पाही. परिणामी रंगाला तडे जात, सांधे कुरकुरत. १९२० च्या दशकात शार्ल वेमन या विमानविद्या जाणणाऱ्या कारागिराने यावर एक चतुर उपाय काढला. त्याने लाकडाचे तुकडे एकमेकांस टेकूच दिले नाहीत. त्यांच्यामध्ये किंचित अंतर ठेवून ते धातूच्या पट्ट्यांनी जोडले आणि वरून पत्र्याऐवजी कापडाचे आवरण ताणले. सांगाडा हलला तरी आवाज नाही, तडा नाही. जे हलणारच आहे त्याला हलू द्यावे, हे त्याच्या युक्तीचे मर्म होते. ही पद्धत युरोपात काही वर्षे फार लोकप्रिय झाली. पण तिचे आयुष्य अल्प ठरले, कारण तोवर पोलादाचे युग उगवले होते.

कातडीच हाड झाली

एलिह्यू थॉमसन या अमेरिकन संशोधकाने १८८६ मध्ये विजेच्या प्रवाहाने धातू तापवून जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून, दोन्ही बाजूंनी तांब्याची टोके दाबून, क्षणभर मोठा प्रवाह सोडला की मधला ठिपका वितळून एकजीव होतो. शिंपी कापडाला टाके घालतो तसे हे पत्र्याचे टाके. या टाक्यांच्या बळावर फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने १९१२ मध्ये आपला कारखाना काढला आणि संपूर्ण पोलादी शरीर बनविण्याचा ध्यास घेतला. त्याच्या शरीरांना १९१४ मध्ये डॉज बंधूंनी आश्रय दिला. फ्रान्समध्ये आंद्रे सिट्रोएन याने बडची पद्धत घेऊन १९२४ मध्ये सर्व-पोलादी गाडी आणली. इंग्लंडात विल्यम मॉरिस आणि बड यांच्या सहभागाने १९२६ मध्ये काउली येथे प्रेस्ड स्टील कंपनी उभी राहिली.

यापुढची पायरी अधिक क्रांतिकारक होती. शरीर जर इतके भक्कम झाले, तर खाली स्वतंत्र चासी हवीच कशाला? लान्चियाने १९२२ मध्ये लॅम्डा गाडीत ती काढून टाकण्याचे धाडस केले. १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हाँमध्ये ही कल्पना मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात उतरली. फियाटने १९५० च्या सुमारास तीच वाट धरली आणि १९५३ च्या फियाट ११०० मध्ये ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणली. या रचनेस मोनोकॉक म्हणतात. अंड्याला हाडे नसतात. त्याचे कवचच त्याचा भार वाहते, तसा हा प्रकार होय.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. जुन्या गाडीत पत्रा फाटला तर वस्त्र फाटले. नव्या रचनेत कातडीच हाड झाली. आता पत्र्याचा सांधा उकलणे म्हणजे हाड मोडणे होय. छप्पर, खांब, फरशी, आणि दाराखालची पोकळ पेटी, जिला आपण गाडीचा उंबरठा म्हणू, या सर्वांनी मिळून गाडी ताठ राहते. यांपैकी एकाचा सांधा ढिला झाला की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो, आणि तोही कालांतराने थकतो.

भेग नेमकी कोठे पडते, यालाही शास्त्र आहे. चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने १९१३ मध्ये गणिताने दाखवून दिले, की ताणाखालच्या पत्र्यातील छिद्राच्या टोकदार कोपऱ्यापाशी ताण कित्येक पटींनी साठतो. समोरच्या काचेचा खालचा कोपरा, दाराच्या बिजागरीचा खांब, छप्पर व मागचा खांब यांचा मिलाफ, या जागी जुन्या गाड्यांत तडे आढळतात ते याच कारणाने. भेगेच्या टोकाशी बारीक छिद्र पाडून ती थोपविण्याची कारखान्यांतील रीत हीही याच तत्त्वावर आधारलेली आहे. छिद्राच्या गोलाईमुळे तेथील ताण पसरतो.

कल्हईची बहीण

छप्पर आणि खांब यांचा मिलाफ बाहेरून दिसू नये, गाडी एकाच धातूची ओतल्यासारखी वाटावी, अशी गिऱ्हाइकांची हौस. पण टाक्यांचे सांधे तर खाचरे दिसतात. यासाठी कारखान्यांनी जो उपाय योजिला, तो आपल्या आळीतल्या कारागिरांना परका वाटू नये. सांध्याची खाच घासून चकचकीत करायची, तिच्यावर द्रावक लावून कथलाची कल्हई करायची, आणि मग सुमारे ७० भाग शिसे व ३० भाग कथील यांची मिश्रधातू तापवून त्या खाचेत भरायची. ही मिश्रधातू १८३ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होऊ लागते आणि सुमारे २५५ अंशांपर्यंत पूर्ण पातळ होत नाही. या दोहोंच्या मधल्या अवस्थेत ती लोण्यासारखी असते. चरबी किंवा मेण चोळलेल्या लाकडी थापीने ती हवी तशी थापता येते. थंड झाल्यावर कानशीने घासून सांधा असा मिळवितात की हात फिरवूनही कळू नये.

आपल्याकडे भांडे झाळणारे व कल्हई करणारे कारागीर नवसागराने जागा साफ करून जे काम करीत आले, त्याच कामाची ही धाकटी बहीण होय. त्या कारागिरांचा मूलमंत्र असा, की धातू स्वच्छ असेल तरच कथील धरेल, मळावर काही टिकत नाही. मोटारीच्या सांध्यालाही तो जसाच्या तसा लागू पडतो. त्याला एक पुरवणी मात्र जोडली पाहिजे : काम झाल्यावर द्रावकाचा अंश धुऊन काढला नाही तर तोच पुढे गंजाचे बीज होतो.

गंज सांध्यातच का शिरतो

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज येतो, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. पण उघड्या, सपाट भागापेक्षा सांध्याच्या आत, जेथे हवा कमी पोहोचते तेथेच तो अधिक का माजतो, हे कोडे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात उलगडले. खाऱ्या पाण्याचा एक थेंब पोलादावर ठेवला असता कडेला प्राणवायू भरपूर मिळतो, मध्ये कमी. आणि धातू खाल्ली जाते ती मध्ये. जेथे प्राणवायू कमी तो भाग विद्युत्-रासायनिक बळी ठरतो. सांध्याच्या दोन पत्र्यांमधील फट ही त्या थेंबाच्या मध्यासारखीच असते. पाणी केशाकर्षणाने आत ओढले जाते, सुकत नाही, आणि रंग तर तेथे कधी पोहोचलेलाच नसतो. पाण्यात मीठ असले तर काम अधिकच वेगाने होते.

गंज जागाही अधिक व्यापतो. मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, आणि पाणी शोषल्यावर त्याच्याही कितीतरी पट. तो फुगून दोन पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो आणि टाके तुटतात. बाहेरून रंगावर एखादा फुगा दिसतो, तोवर आत निम्मा पत्रा गेलेला असतो. अशा रीतीने भेग पाण्याला वाट देते आणि गंज भेगेला वाढवितो. ही दोन दुखणी एकमेकांची पोषक आहेत. म्हणूनच केवळ एकावर केलेला इलाज टिकत नाही.

मुंबईची हवा आणि काळीपिवळी

मुंबईशी मोटार-उद्योगाचा संबंध जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ला येथील तिच्या कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिची ११०० डी ही आवृत्ती आली. १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाडा येथे मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बेतलेली ॲम्बॅसडर १९५७ च्या सुमारास सुरू झाली व २०१४ पर्यंत निघत राहिली. या दोन्ही गाड्या मोनोकॉक रचनेच्या. म्हणजे आपल्या देशाने कित्येक दशके ज्या गाड्यांवर प्रवास केला, त्या सर्वस्वी पत्र्याच्या सांध्यांवर उभ्या होत्या.

आता मुंबईची हवा पाहा. तीन बाजूंनी समुद्र, हवेत क्षार, आणि चार महिने पाऊस. टॅक्सीच्या डोक्यावर सामानाचा कॅरियर असे. तो छपराच्या कडेच्या पन्हळीवर आवळलेला. ही पन्हळ म्हणजे छप्पर व बाजूचा पत्रा यांचाच सांधा. बोरीबंदरावर उतरलेल्या उतारूंच्या ट्रंका-वळकट्यांचे ओझे त्या सांध्यावर येई, आणि पावसाचे पाणीही त्याच पन्हळीतून वाहे. भार आणि पाणी एकाच जागी एकत्र येण्याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. तरीही या गाड्या वीस-वीस वर्षे धावल्या, त्याचे श्रेय गल्लीतल्या डेंटरांना दिले पाहिजे. गॅसची ज्योत, ठोकण्यासाठी हातोडी, मागे धरण्यासाठी डॉली आणि कुर्ल्याच्या भंगारबाजारातला पत्रा, एवढ्या सामग्रीवर त्यांनी एका शहराची वाहतूक चालती ठेवली. या कारागिरांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

लांबीचा मोह

१९५० च्या दशकात पॉलिएस्टर राळ व शंखजिऱ्याची भुकटी यांची लांबी अमेरिकेत निघाली आणि हळूहळू जगभर पसरली. ती स्वस्त, ज्योतीची गरज नाही, अर्ध्या तासात घट्ट. उथळ खड्डा मिळविण्यासाठी, पातळ थरात, निर्दोष पत्र्यावर ती उत्तमच आहे. तिला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु ती भार वाहू शकत नाही आणि ओल शोषून घेते. फुटलेल्या सांध्यावर किंवा गंजलेल्या भोकावर जाळी ठेवून तिचा लेप दिला, वर झगझगीत रंग मारला, की गिऱ्हाईक समाधानाने पैसे मोजते. आणि आत पत्रा अंधारात कुजत राहतो. एक-दोन पावसाळ्यांत त्याच जागी पुन्हा तडा दिसतो. हाड मोडले असता त्यावर चंदनाचा लेप देण्यासारखे हे आहे. कारागिराला खोटे ठरविण्याचा आमचा हेतू नाही. गिऱ्हाइकाला काम स्वस्त आणि आजच हवे असते, त्याचाच हा परिपाक होय.

मग योग्य दुरुस्ती कोणती? जाणत्या कारागिरांची रीत थोडक्यात सांगतो. प्रथम तडा कशामुळे गेला ते शोधावे. दार लटकते काय, दाराभोवतीची फट वरखाली सारखी आहे काय, उंबरठा दाबल्यास चुरचुरतो काय, हे पाहावे. वरचा तडा हे पुष्कळदा खालच्या कुजलेल्या उंबरठ्याचे लक्षण असते. उंबरठा कापण्यापूर्वी गाडीला खालून भक्कम आधार द्यावा आणि दारांच्या चौकटींत तात्पुरते आडवे गज लावावेत. नाही तर गाडी मधूनच वाकते आणि नवे पत्रे वाकड्यावरच पक्के होतात.

दुसरे, रंग व जुनी लांबी काढून उघड्या धातूपर्यंत जावे आणि गंज लागलेला भाग निर्दयपणे कापावा. फॉस्फरिक आम्लाचा लेप पृष्ठभागावरचा गंज बांधून ठेवतो हे खरे, पण दुमडलेल्या सांध्याच्या पोटात तो पोहोचत नाही. तिसरे, मूळच्याच जाडीचा पत्रा बेतून बसवावा. त्या काळच्या गाड्यांत तो साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर असे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने पत्रा लाटांसारखा होतो. म्हणून दूरदूर टाके घ्यावेत, मध्ये थंड होऊ द्यावे, आणि मग मधल्या जागा भराव्यात. चौथे, आतल्या बाजूंना जस्तयुक्त रंग, सांध्यांवर लवचीक सांधाभरणी, आणि पोकळ्यांत मेणाचा फवारा द्यावा. पाचवे, आणि हे हमखास विसरले जाते, उंबरठ्याच्या व दारांच्या तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. कारखान्याने ती मुद्दाम ठेवलेली असतात; कित्येक वेळा रंग आणि लांबीने तीच बुजविली जातात.

शिशाच्या भरणीविषयी एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. ती टिकाऊ असली तरी शिसे विषारी आहे, आणि त्याचा घात मुलांच्या मेंदूवर विशेष होतो. म्हणून शिशाचा सांधा कधीही खरकागदाने वा चक्रीने घासू नये, कारण त्याची धूळ श्वासात जाते. कानशीनेच घासावा, कीस गोळा करावा, आणि त्या कपड्यांनिशी घरी जाऊन मुलांना जवळ घेऊ नये. आपल्या देशात पेट्रोलातील शिसे २००० मध्ये बंद झाले, ते याच धोक्यामुळे. कथलावर आधारलेली, शिसेविरहित भरणीही आज मिळते. ती महाग व हाताला थोडी अवघड असली तरी कारागिराच्या आयुष्याहून महाग नाही.

कारखान्यांना आलेले शहाणपण

गंजाचा धडा कारखान्यांनाही महाग पडला. इंग्लंडात १९८० मध्ये लान्चिया कंपनीला आपल्या बेटा गाड्या गिऱ्हाइकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या, कारण इंजिनाचा भार वाहणाऱ्या भागाच्या बैठका गंजल्या होत्या. तोवर उपायही हाती आले होते. सॉरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ मध्येच लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले होते. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. फोर्डने १९६० च्या दशकात संपूर्ण शरीर रंगाच्या हौदात बुडवून विजेने रंग चढविण्याची पद्धत आणली, त्यामुळे सांध्यांच्या पोटात प्रथमच रंग पोहोचू लागला. १९७० च्या दशकाच्या मध्यास पोर्शने आणि १९८० च्या दशकात आउडीने जस्तलेपित शरीरे बनविली. आजची गाडी कमी गंजते ती यामुळे. जुन्या गाडीला मात्र हे संरक्षण जन्मतः मिळालेले नाही. तिला ते कारागिराच्याच हातून मिळायचे आहे.

आजचे कर्तव्य

२०२१ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यांत अट अशी आहे, की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चासीत, शरीराच्या कवचात वा इंजिनात बदल घडविणारी मोठी फेरबांधणी झालेली नसावी. म्हणजे पत्र्याचे कवच ही आता कायद्याच्या दृष्टीनेही गाडीची ओळख ठरली आहे. दुरुस्ती आणि बदल यांतील रेषा कारागिराच्या हातात आहे. मूळ पत्र्याचा जेवढा भाग निरोगी तेवढा राखणे, नवा तुकडा मूळच्याच आकाराचा व जाडीचा घालणे, आणि कामाच्या प्रत्येक पायरीची छायाचित्रे जपून ठेवणे, हे मालकाच्या हिताचेच आहे.

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला, आणि तो योग्यच होता. परंतु तिच्याबरोबर तिला वीस वर्षे उभी ठेवणारी विद्याही जाऊ लागली आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आजच्या गॅरेजात संपूर्ण पॅनेल बदलतात. सांधा उकलून, कुजलेले कापून, नवे बेतून, पुन्हा एकजीव करणारे हात विरळ होत चालले आहेत.

ही विद्या पुस्तकात फारशी नाही; ती मनगटात आहे आणि एका मनगटाकडून दुसऱ्याकडे जाते. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी स्वस्त रंगकामाऐवजी अशा कारागिराच्या दिवसांचा मोबदला द्यावा. ज्यांच्या घरी असा कारागीर आहे त्यांनी त्याच्याजवळ एखादा होतकरू मुलगा किंवा मुलगी बसवावी, आणि त्याच्या कामाची टिपणे लिहून घ्यावीत. सांधा झाकणे सोपे आहे, जुळविणे कठीण आहे. आणि जे जुळविलेले असते तेच पावसात टिकते. एवढे या लेखातून वाचकांच्या ध्यानी राहिले तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.